समुद्रात हद्द आखण्याआधी: राज्य वन्यजीव मंडळाला कराडहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
राज्य वन्यजीव मंडळ, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी: कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय आयुक्त, जलसंपदा विभाग

विषय: सागरी संरक्षित क्षेत्रांचे नियोजन – मच्छीमारांचे हक्क, हद्द, गस्त आणि कोयनेचे अवजल

महोदय,

स.न.वि.वि.

घाटावरच्या माणसांनी समुद्राच्या कामात का तोंड घालावे, हा प्रश्न आधी निकाली काढतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचे पाणी निसर्गाने पूर्वेला जाते, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला. अपवाद कोयनेचा. कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिल्याप्रमाणे कोयना धरणातून वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले जाते, वीज करून अवजल म्हणून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडले जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत उतरते. अरबी समुद्राच्या एका खाडीचे गोडे पाणी पाटण तालुक्यातून ठरते. दुसरे कारण म्हणजे संरक्षित क्षेत्र घोषित झाल्यावर गावांचे काय होते, हे आमच्या दोन जिल्ह्यांनी कोयना आणि चांदोलीत 1985 पासून पाहिले आहे. किनाऱ्यावर तीच चूक नव्याने होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत 2030 पर्यंत जमीन आणि समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षणाखाली आणायचे जागतिक लक्ष्य ठरले. भारताने ते आपल्या जैवविविधता आराखड्यात घेतले आहे. लक्ष्य चांगले आहे, पण त्यात एक मोह दडलेला आहे. जमिनीवर दहा चौरस किलोमीटर मिळवायचे तर महसूल खाते, वाडीवस्ती, पुनर्वसन, न्यायालय अशी वाट चालावी लागते. समुद्राला सातबारा नाही. नकाशावर चार बिंदू जोडले की शेकडो चौरस किलोमीटर टक्केवारीत जमा होतात. असे जमा केलेले क्षेत्र कागदावर राहते, आणि त्या कागदाचा राग मात्र किनाऱ्यावरची पुढची पिढीही धरून बसते.

मालवण सागरी अभयारण्य 13 एप्रिल 1987 ला जाहीर झाले. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यातच येतात. चार दशके होत आली तरी हद्द नेमकी कुठे, गाभ्यात काय चालते आणि काय नाही, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढता येते का, यावर मालवणच्या किनाऱ्यावर एकमत नाही. तेथील मच्छीमारांचा विरोध जाहीर आहे आणि तो प्रवाळाला किंवा कासवाला नाही. आपल्याला न विचारता आपल्या पाण्यावर रेघ मारली, याला आहे. हे दुखणे कायद्यातच कुठे आहे ते नीट पाहायला हवे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे जमिनीवर अभयारण्य करताना कलम 18 ची प्राथमिक अधिसूचना निघते. मग कलम 19 ते 25 प्रमाणे जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करतात. कलम 21 ची उद्घोषणा गावोगावी स्थानिक भाषेत लावावी लागते आणि तेव्हापासून दोन महिन्यांत लेखी दावा करता येतो. कलम 25 अ प्रमाणे ही सगळी कार्यवाही शक्यतो दोन वर्षांत संपवायची. आता 1991 च्या दुरुस्तीने आलेले कलम 26 अ वाचा. राखीव वन किंवा प्रादेशिक समुद्राचा भाग असेल तर ही चौकशीची वाट न चालता थेट अंतिम अधिसूचना काढता येते. अटी तीन: केंद्राची पूर्वसंमती, हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांचा सल्ला, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना.

तिसरी अट मोघम आहे. पुरेशी म्हणजे किती, ती कोणी ठरवायची, दावा कुठे दाखल करायचा, मुदत किती, अपील कुठे, यातले काहीही तिथे लिहिलेले नाही. चांदोलीच्या डोंगरातल्या वाडीला कायद्याने निदान दोन महिन्यांची नोटीस मिळायची होती. मालवणजवळच्या देवबागच्या होडीवाल्याला तेवढीही हमी नाही. आणि नोटीस, चौकशी, पंचनामे सगळे असूनही आमच्याकडच्या अभयारण्यग्रस्तांना आपल्या हक्काच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे कलेक्टर कचेरीसमोर बसावे लागले. समुद्रात तर तो दरवाजाच बसवलेला नाही.

म्हणून पहिली मागणी. कायदा सक्ती करत नसला तरी शासनाने स्वतःहून कलम 19 ते 25 ची सगळी कार्यपद्धती सागरी क्षेत्रांना लावावी. उद्घोषणेची तारीखही विचार करून निवडावी. राज्यात यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस बंदी असते. त्या काळात होड्या शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला आणि मालक घरी असतात. दाव्याची दोन महिन्यांची मुदत या बंदीच्या काळात जवळजवळ तंतोतंत बसते. तीच उद्घोषणा ऑक्टोबरात काढली तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, समुद्रात, सोसायटीचा सचिव बर्फ-डिझेलच्या गडबडीत, आणि "एकही दावा आला नाही" असा अहवाल मुंबईला. असे अहवाल आमच्या डोंगरात पुष्कळ बघितले आहेत.

दावा कोणाचा धरायचा, हे त्याहून अवघड. मासेमारी परवाना होडीला मिळतो. पण खाडीत ओहोटीला खडकावरची कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या आणि मुळे अशी शिंपली वेचणाऱ्या बायकांकडे होडी नसते, जाळे नसते, परवानाही नसतो. त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुळण (वाळूचा किनारा) आणि खडप (खडकाळ किनारा) कोणत्याच रजिस्टरात नाही. होड्यांच्या यादीवरून हक्क निश्चित केले तर त्या बायका पहिल्याच फेरीत बाहेर पडतात. रापणीचेही तसेच. रापण एकट्याची नसते, गावाची असते. ठरलेल्या किनाऱ्यावर ठरलेल्या पाळीने ती ओढली जाते, वाटा हिश्शाने होतो. वैयक्तिक दाव्याच्या छापील अर्जात ती बसत नाही. चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक पुळणीवर दोनदा जावे, एकदा उधाणाच्या दिवसांत आणि एकदा भांगाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जेवढे खडप उघडे पडते तेवढे अष्टमीला पडत नाही, आणि भलत्या दिवशी गेलेल्या अधिकाऱ्याला तिथे कोणी वेचताना दिसणारच नाही.

सगळीकडे अभयारण्यच करायला हवे, असेही नाही. कलम 36 अ प्रमाणे शासकीय मालकीच्या क्षेत्रात संवर्धन राखीव क्षेत्र करता येते, आणि त्यात लोकांचे हक्क संपुष्टात येत नाहीत. तमिळनाडूने 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र याच तरतुदीखाली केले. आपल्याकडे त्याचा विचार करताना कलम 36 ब आधी वाचून घ्या. व्यवस्थापन समितीत वन खाते, प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, तीन स्वयंसेवी संस्था, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रतिनिधी, अशी रचना आहे. मत्स्यव्यवसाय विभाग नाही. मच्छीमार सोसायटी नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माळरान होते, हे उघड आहे. राज्याने शासन निर्णय काढून या दोघांना पहिल्या दिवसापासून कायम निमंत्रित करावे, आणि त्यांच्या अनुपस्थितीत झालेला ठराव अंतिम मानू नये.

आता हद्द. "खडकापासून पाचशे मीटर" किंवा "किल्ल्याच्या सभोवार" अशी हद्द कार्यालयात शोभते, होडीवर सापडत नाही. रात्री दोन वाजता जाळे टाकणाऱ्या तांडेलाला दिसतो तो जीपीएसचा पडदा. हद्द सरळ रेषांची असावी, शक्यतो अक्षांश-रेखांशांना समांतर, आणि कोपरे अंश व दशांश मिनिटांत द्यावेत, कारण होडीवरची बहुतेक यंत्रे तसेच दाखवतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे 1,852 मीटर, एक सागरी मैल. मिनिटाचा हजारावा भाग पावणेदोन मीटरच्या आसपास येतो. एवढी अचूकता पुरेशी आहे. मात्र अक्षांश-रेखांश कोणत्या मोजणी-आधारावर धरले ते अधिसूचनेत लिहा: डब्ल्यूजीएस 84, म्हणजे जीपीएसचाच. जुन्या नकाशावरून, एव्हरेस्ट आधारावरचे आकडे तसेच उतरवले तर अख्खी रेषा सरकते. मग गस्तीची नाव एक जागा दाखवते, होडी दुसरी, आणि प्रकरण सुनावणीत पहिल्याच तारखेला पडते.

बोया लावायचे असतील तर त्यांच्या देखभालीचा खर्च आधी धरा. बोयाची साखळी तुटते ती बहुधा तळाशी टेकते त्या टप्प्यात. लाटेबरोबर तेवढा तुकडा उचलला-आपटला जातो, वाळूत घासतो आणि कड्या झिजून पातळ होतात. वरून रंग दिलेला बोया छान दिसत राहतो, आतून साखळी संपत आलेली असते. मे महिन्यात वरचा भाग काढून किनाऱ्यावर आणायचा, तळाचा नांगर खुणेच्या छोट्या बुडत्या तरंगकासह ठेवायचा, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात कड्यांची जाडी मोजून पुन्हा जोडायचे. हे वेळापत्रक निविदेत नसेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर बोये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडतील.

प्रवाळावर तर साखळीच घातक. आठ मीटर पाण्यात खोलीच्या तिप्पट, म्हणजे 24 मीटर साखळी सोडली, तर वारा-प्रवाह फिरेल तशी ती तळावर वीस-बावीस मीटर त्रिज्येचे वर्तुळ झाडून काढते. मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होड्या रोज त्याच दोन-चार जागी नांगर टाकत असतील, तर पर्यटकांच्या पायांपेक्षा नांगर जास्त नुकसान करतो. उपाय माहीत असलेला आहे: वाळूच्या पट्ट्यात स्क्रूसारखा फिरवून घट्ट बसवलेला पक्का नांगर, साखळीऐवजी दोर, आणि तो तळापासून उचलून धरणारा मधला तरंगक. होडीने त्याच्या बोयाला बांधायचे, स्वतःचा नांगर टाकायचाच नाही. अशा बांधणीच्या जागा जेवढ्या, तेवढ्याच होड्या एका वेळी. मर्यादा आपोआप पाळली जाते, शिपाई उभा करावा लागत नाही.

मर्यादेबद्दल कासचा अनुभव उपयोगी पडेल. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या 39 स्थळांबरोबर कास पठार जागतिक वारशाच्या यादीत आले आणि फुलांच्या हंगामात गर्दी लोटली. मग ऑनलाइन नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, वाहने लांब उभी करून बसने ने-आण, शुल्कातून स्थानिक समितीला काम, अशी घडी बसली. तरी दिवसाच्या मर्यादेत एक भोक राहते. शनिवार-रविवारी सकाळी सगळे एकदमच येतात आणि मंगळवारी दुपारी पठार मोकळे असते. समुद्रात मर्यादा दिवसावर नको, भरतीच्या वेळेवर हवी. पाणी स्वच्छ असते ते ठरावीक तासच, आणि सगळा भार त्याच तासांवर पडतो. कासवर जाळीचे कुंपणही घातले होते. गुरे आत येईनात, गवत माजले, फुले कमी होत आहेत अशी तक्रार गावांनीच केली आणि कुंपण काढावे लागले. माणसाचा वावर काढून घेतला की निसर्ग आपोआप सुधारतो, हे गृहीतक तपासल्याशिवाय समुद्रात नेऊ नका.

संरक्षित क्षेत्राकडून काय मिळेल याची वाजवी अपेक्षा ठेवणेही नियोजनाचाच भाग आहे. बांगडा, तारली, सुरमई हे फिरस्ते मासे. तीन चौरस किलोमीटरच्या गाभ्याने त्यांच्या संख्येत फरक पडणार नाही, आणि तो पडेल असे सांगून मच्छीमारांची संमती घेतली तर दोन वर्षांत ती संमती गेली म्हणून समजा. फायदा होतो तो खडकाला धरून राहणाऱ्या माशांना: गोबरा, तांबोशी, शेवंड. गोबऱ्याचे उदाहरण मोठे बोलके आहे. त्याच्या बहुतेक जाती आयुष्य मादी म्हणून सुरू करतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठा मासा जास्त भावाने जातो म्हणून तोच आधी पकडला जातो, आणि नरच नाहीसे होतात. लहान गोबरे पुष्कळ दिसत असूनही प्रजनन ढासळते. इथे छोटा पण कडक बंदीचा गाभा खरोखर काम करतो. फिरत्या माशांसाठी मात्र हंगाम, जाळे आणि दिवे यांवरचे नियमच उपयोगी.

ते नियम राज्याकडे आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा, त्याची मोठी दुरुस्ती 2021 ची. दंड वाढले, प्रकरणे तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आली. पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायच्या जाळ्यावर) 2016 पासून निर्बंध आहेत. एलईडी दिव्यांनी मासे ओढण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. ट्रॉल म्हणजे ओढत न्यायच्या जाळ्याच्या खोळ्याला (शेवटच्या पिशवीला) 40 मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचे छिद्र) असावी असे सांगितले जाते, आणि त्याचे कारण साधे आहे: शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढताना ताणून मिटते, चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्ले निसटतात. प्रश्न अंमलबजावणीचा. अभयारण्यात वन खात्याचा कायदा, बाहेर मत्स्यव्यवसायाचा, आणि रात्री नाव असते सागरी पोलिसांकडे. तीन खात्यांची तीन रजिस्टरे. प्रत्येक संरक्षित क्षेत्राला एकच गस्त-वही असावी. त्यात वेळ, अक्षांश-रेखांश, होडीचा नोंदणी क्रमांक, जाळ्याचा प्रकार, मोजलेली आस आणि अंतरासह छायाचित्र. ड्रोनचे चित्रीकरण 2025 पासून सुरू झाले आहे, चांगलेच आहे. पण वारा वाढला की ड्रोन खाली येतो आणि चोरटी मासेमारी वारा बघून होत नाही. चित्रीकरणावर वेळ आणि स्थान उमटलेले नसेल तर सुनावणीत त्याला किंमत नाही.

आंग्रिया बँकेबद्दल वेगळे लिहावे लागेल. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर पाण्याखाली असलेले हे प्रवाळाचे पठार संरक्षणाला सर्वार्थाने लायक आहे. पण प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटरवर संपतो. राज्याची अधिसूचना तिथे पोचतच नाही. सागरी क्षेत्रांच्या 1976 च्या केंद्रीय कायद्यातील कलम 7 प्रमाणे केंद्र सरकारला आर्थिक क्षेत्राचा एखादा भाग निर्दिष्ट करून तिथल्या सागरी पर्यावरणाच्या रक्षणाची तरतूद करता येते. मंडळाने ठराव करायचा तर तो या कलमाखाली केंद्राकडे शिफारस म्हणून करावा. गस्तीचा हिशेबही जोडावा: दहा नॉट वेगाने एका दिशेला साडेपाच तासांहून अधिक. म्हणजे खात्याच्या छोट्या नावेचे ते काम नव्हे, तटरक्षक दलाच्या जहाजाचे आणि उपग्रहावरून होडीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरचे आहे. ट्रान्सपाँडर खलाशाच्या सुरक्षेसाठी म्हणून दिला आणि दंडासाठी वापरला, तर तो बंद करून ठेवला जाईल. कशासाठी वापरणार ते आधीच लिहून द्या.

कासवांबद्दल थोडेच. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडला तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची कांदळवन कक्षाची योजना डिसेंबर 2018 पासून आहे, आणि आमच्या मते राज्याच्या सागरी संवर्धनातली ती सर्वांत शहाणी योजना आहे. तिच्यात बंदी नाही, व्यवहार आहे. पुरावा म्हणून छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. पैसे त्याच हंगामात हातात पडले तरच पुढच्या वेळी तांडेल सुरी काढेल.

आता आमच्या पाण्याकडे येतो.

67.5 टीएमसी वर्षभरात समान वाटले तर दर सेकंदाला सुमारे 2,140 घनफूट, म्हणजे साठ हजार लिटर. उन्हाळ्यात स्वतःचे पाणी जवळजवळ न उरणाऱ्या कोकणातल्या नदीला मिळालेले हे परके पाणी आहे. कोयनेचा पहिला टप्पा सुरू झाल्यापासून साठहून अधिक वर्षे वाशिष्ठीत एप्रिल-मेमध्येही गोडे पाणी वाहते आहे. खाडीतली खार किती आत यायची ती सीमा समुद्राकडे ढकलली गेली. कांदळवन, कालवे, खेकडे, खाडीतली कोळंबी यांनी त्याच्याशी जुळवून घेतले. आज दाभोळच्या खाडीत जे काही वाचवायचे म्हणून आराखड्यात लिहिले जाईल, ते या पाण्यावर उभे राहिलेले आहे.

पण सरासरी फसवी असते. कोयनेच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचे पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते आणि अलोरे येथील तिसऱ्या टप्प्यातून वाशिष्ठीत पडते. वीज मागणीच्या तासांना जास्त लागते, म्हणून पाणीही लोटालोटाने येते: सकाळी आणि संध्याकाळी जोर, मध्ये उतार. भरती-ओहोटी सव्वासहा तासांनी पालटते. सोडलेले पाणी भरतीला सामोरे आले तर खाडीत थोपते, ओहोटीबरोबर मिळाले तर सरळ समुद्रात जाते. एकाच दिवशी एकाच जागी खारेपणा समुद्राच्या 35 पासून जवळजवळ गोड्यापर्यंत हलू शकतो. कालवाला शिंपले मिटून काही तास काढता येतात, पण नुकतेच खडकाला चिकटलेले पिल्लू तेवढे सोसत नाही.

दुष्काळाच्या वर्षी गणित आणखी बदलते. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांना पाणी हवे म्हणून धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहातून पूर्वेला विसर्ग वाढवला जातो आणि पश्चिमेच्या वीजनिर्मितीला कात्री लागते. कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेला पाणी मिळालेच पाहिजे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. मात्र त्या आवर्तनाचा परिणाम मे महिन्यात दाभोळच्या खाडीत खार वर चढण्यात होतो, हे कोणत्याही बैठकीच्या टिपणात येत नाही. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत सांगलीचे आमदार असतात. खाडीतल्या शिंपल्यांच्या वतीने कोणी नसते. शिवाय कोयनेचे अवजल मुंबईकडे किंवा कोकणात अन्यत्र नेण्याचे प्रस्ताव वारंवार पुढे येतात. अवजल दुसरीकडे वळवले तर खाडी साठ वर्षांपूर्वीच्या स्थितीला परत जाईल असे समजू नये. मधल्या काळात काठावर औद्योगिक वसाहत आली, तिचे सांडपाणी आले, जुलै 2021 च्या महापुरानंतर नदीतून गाळ उपसला गेला. सांडपाणी पातळ करणारे पाणीच काढून घेतले तर काय होते, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही.

म्हणून दाभोळ खाडी किंवा तिच्या मुखाजवळचा समुद्र कोणत्याही संरक्षित क्षेत्रात घेण्याआधी दोन वर्षांचे मोजमाप व्हावे. गोवळकोट, करंबवणे आणि दाभोळ-अंजनवेलचे मुख अशा तीन ठिकाणी खारेपणा नोंदवणारी यंत्रे लावावीत, प्रत्येक ठिकाणी दोन: एक पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर, दुसरे तळापासून तेवढेच वर. गोडे पाणी हलके असते, खाऱ्यावर तरंगत राहते. एकच यंत्र वर लावले तर खाडी गोड आहे असे वाटेल आणि तळाला कालवे खाऱ्यात असतील. दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद. ही यंत्रे बिघडतात ती बहुधा इलेक्ट्रॉनिक्समुळे नाही, जीवांमुळे. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत संवेदकावर शेवाळ आणि बार्नॅकल बसतात आणि आकडा हळूहळू खाली सरकत जातो. सरकणे इतके सावकाश असते की खाडी गोड होते आहे असाच निष्कर्ष निघावा. तांब्याची जाळी, दर पंधरा दिवसांनी सफाई आणि सफाईआधी-नंतर हातातल्या यंत्राने ताडून पाहणे, एवढे केले तर आकडे विश्वासाचे. हे काम खाडीपट्ट्यातल्या मच्छीमार सोसायटीला ठरावीक मोबदल्यावर द्यावे. होडी त्यांची, पाणी त्यांच्या ओळखीचे, आणि यंत्र चोरीला जात नाही.

त्याच्या जोडीला मासळीचे मोजमाप: प्रत्येक जाळ्याच्या प्रकारानुसार, जाळे पाण्यात किती तास होते त्यासह. नुसते किलो लिहून उपयोग नाही. आत एक जागा आणि बाहेर तशीच एक जागा, दोन्हींचे आकडे घोषणेच्या आधीपासून हवेत. घोषणेनंतर मोजायला लागले की सुधारणा झाली की नाही, हे सांगायला कोणालाच जागा उरत नाही. मालवणसारख्या प्रवाळाच्या जागी पाण्याखालचे सर्वेक्षण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. त्याआधी आणि नंतर पाणी गढूळ असते, आणि गढूळ पाण्यात न दिसलेला मासा अहवालात "नाही" म्हणून लिहिला जातो.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही आहे. कुंभार्ली आणि आंबा घाटाने बर्फाच्या पेट्यांतून येणारी मासळी कराड, सांगली, मिरजेच्या बाजारात खपते. राज्याने 2023 मध्ये 54 प्रजातींचे किमान आकार ठरवले, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केले, आणि तळहाताएवढी पापलेटे घाटावर बिनधास्त विकली जातात. तपासणी बंदरावर संपते. मंडईत आकारांचा फलक आणि मोजपट्टी लावायला नगरपालिकेला कोणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी आम्ही इकडे वेगळे पत्र देत आहोत. कोंबडीखाद्यात जाणाऱ्या बारीक मासळीचे मूळ शोधणे त्याहून महत्त्वाचे आहे, कारण त्यात उद्याची सुरमई आणि पापलेट पिल्लांच्या रूपात भरडली जाते, आणि खाद्याचे मोठे गिऱ्हाईक आमच्याच भागातल्या पोल्ट्री आहेत. पशुसंवर्धन विभागाने खाद्य कारखान्यांकडून मासळीच्या भुकटीचे बंदर आणि महिना यांची नोंद मागवावी.

खारेपणाची यंत्रे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात बसवता येतील. त्यासाठी निधी लागेल, निविदा लागेल, हे समजते. अलोरेच्या वीजगृहात मात्र सोडलेल्या पाण्याची तासागणिक नोंद ठेवली जातेच. मागच्या दहा वर्षांच्या त्या नोंदी आणि यापुढच्या दर महिन्याच्या नोंदी कांदळवन कक्षाला आणि खाडीपट्ट्यातल्या मच्छीमार सोसायट्यांना द्याव्यात, असे पत्र मंडळाने जलसंपदा विभागाला आपल्या पुढच्या बैठकीनंतर आठ दिवसांत पाठवावे, ही विनंती.

आपले,
कराड, पाटण आणि शिराळा तालुक्यांतील पाणी, वन आणि मत्स्य विषयांत काम केलेले काही नागरिक